गडाचं रुसलेलं दार

एकदा काय झालं, एका डोंगरावर होता एक गड. होता म्हणजे काय, राजा गेला, महाल पडले, तट ढासळला. उरलं एक दार आणि आत पाण्याचं एक टाकं. दाराचा तोरा केवढा! शेजारी धड भिंत नाही, तरी आपलं छाती काढून उभं.

खाली गावातली विहीर आटली. ठकूकाकूची लाडकी पाडी तहानेनं जीभ काढून पडली. काकूचा जीव कासावीस. पण टाक्यातलं पाणी काही खाली येईना, बरं का!

पाटील गेले घागर घेऊन. तटाच्या भगदाडातून आत, भगदाडातून बाहेर. पायथ्याशी येऊन बघतात तर घागर कोरडी! मग गेला गेनू पैलवान, मोठा हंडा घेऊन. तोही भगदाडातूनच. हंडाही कोरडा! गेनू म्हणाला, "हंडा गळका." हंडा कसला गळका, डोकं गळकं!

मग निघाली ठकूकाकू. काकू म्हणजे चालती कणगी. हसू नकोस रे गजू, तूही त्याच वाटेवर आहेस. काकू भगदाडात शिरली ती अडकलीच. पुढे होईना, मागे होईना. कशीबशी सुटली आणि धापा टाकत दाराशी आली. आता कुणाच्याही दाराशी गेलं की काकू वहाणा काढायची नि हाक मारायची. सवयच ती.

"आहे का कुणी घरात? येऊ का?"

दार करकरलं. "किती वर्षांनी कुणी विचारलं गं बाई! मेले सगळे चोरासारखे भिंतीतून घुसतात. चोरांना कुठलं पाणी?"

"माझं पोट आडवं आलं बाबा, नाहीतर मीही तिथूनच घुसत होते."

दार खो खो हसलं. वरचे दोन दगडच निखळले. "खरं बोललीस. ये, ये!"

मग काकूनं घागर भरली. निघताना दाराशी थांबली. 'जाते' असं म्हणतात का कधी? "येते हं," म्हणाली. पायथ्याशी आली तर घागर काठोकाठ! पाडी घटाघटा प्यायली, उठली आणि काकूचाच पदर चघळू लागली.

मग काय, सगळं गाव दारातून जाऊ लागलं. पाटीलसुद्धा जोडे हातात घेऊन! पुढे पाऊस आला, विहीर भरली, तरी काकू जायचीच. 'येते' म्हणाली होती ना! दार खूश, गाव खूश, पाडीची झाली गाय.

चला, झोप आलीय दाराशी. "येऊ का?" म्हणतेय. "ये" म्हणा बघू. आणि गजू, त्या एका डोळ्याचं भगदाड बुजव आधी!