केरोबाचं गाणं लिहिणारं यंत्र

फार पूर्वी, गाणी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात असत त्या काळी, एका गावात केरोबा नावाचा कारागीर राहत असे. त्याच गावात चिमाक्का नावाची म्हातारी गायिका होती. तिच्याकडे शिष्य एकही टिकला नव्हता आणि आवाज तर दिवसेंदिवस बसत चालला होता. गाणी आपल्याबरोबरच जाणार, या काळजीने तिला घास गोड लागत नसे.

"अक्का, मी यंत्र करतो," केरोबा म्हणाला. "खुंटी दाबली की स्वराची खूण कागदावर उमटेल. तुमचं गाणं तुम्हीच लिहा."

केरोबाला कौशल्य दाखवायची भारी हौस. त्याने भिंतीएवढं यंत्र उभं केलं. प्रत्येक स्वराला, प्रत्येक हेलकाव्याला वेगळी खुंटी. गाताना शिंक आली तर तीही लिहायची सोय होती.

चिमाक्काने विचारलं, "सा कुठंय?"

"वरच्या ओळीत. शिडी लावली की लगेच सापडतो."

संध्याकाळपर्यंत जेमतेम एक ओळ लिहून झाली. त्यातही निम्म्या शिंका होत्या.

केरोबा रुसला. रागाच्या भरात त्याने दुसरं यंत्र केलं, फक्त सात खुंट्यांचं. आता गाणी भराभर लिहून झाली. पण शेजारच्या गावच्या सनईवाल्याने कागद बघून वरातीचं गाणं वाजवलं, तर ते अंगाईसारखं निघालं. घोडा उभ्या उभ्या झोपला आणि नवरदेव चालत मांडवात गेला.

"ही माझ्या गाण्याची नुसती हाडं आहेत," चिमाक्का हळूच म्हणाली.

"जास्त दिलं तर अडचण, कमी दिलं तर तक्रार. मी करू तरी काय?"

"इथं बस. मी पहिल्या यंत्रावर लिहिते. तू नुसतं बघ. बोलायचं नाही."

केरोबाला हे फार जड गेलं. खुंटीचं वर्णन करायला त्याने तोंड उघडलं, की चिमाक्का त्यात शेंगदाण्याचा लाडू कोंबायची. दोन लाडवांनंतर त्याने नाद सोडला आणि बघू लागला.

म्हातारीचा हात पुन्हा पुन्हा मोजक्याच खुंट्यांकडे जात होता. मग एका जागी तिला स्वर लांबवत खाली आणायचा होता. ती खुंटी सापडेना. शोधता शोधता पुढची ओळच तिच्या मनातून निसटली. तिचे भरलेले डोळे बघून केरोबाला तोंडातला लाडू गिळवेना.

त्याने तिसरं यंत्र केलं. रोजच्या खुंट्या बसल्या जागी हाताला लागतील अशा. बाकीच्या खाली एका खणात, ओढला की समोर. चिमाक्का जमेल तेव्हा येऊन लिहीत राहिली. पावसाळा सरता सरता तिचा आवाज पुरता गेला.

पुढं जत्रेत लांबच्या गावची एक मुलगी गायला उभी राहिली. तिने चिमाक्काला कधी पाहिलंही नव्हतं. हातात फक्त कागद होता. चिमाक्का डोळे मिटून ऐकत राहिली. गाणं संपल्यावर केरोबाच्या कानाशी वाकून ती कुजबुजली, "शेवटाला घाई करते पोरगी. पण गाणं माझंच आहे."

तात्पर्य एवढंच, की वस्तू करणाऱ्याने आधी वापरणाऱ्याचा हात कुठं जातो ते बघावं. रोजचं हाताशी ठेवावं आणि क्वचित लागणारं फेकून न देता जवळच ठेवावं.