हिकप शिकलेला मार्तंड

एका गावात एक भोळा भाचा आपल्या मामांच्या घरी राहत असे. त्याचे नाव मार्तंड. वय उलटून चालले, तरी त्याचे लग्न जमत नव्हते. अखेर तालुक्याचे नागोराव मुलगी द्यावयास तयार झाले. अट एकच होती. जावयास इंग्रजी आले पाहिजे.

मामा शिकवावयास बसले. इतक्यात मार्तंडास उचकी लागली.

मामा म्हणाले, "हिला इंग्रजीत हिकप म्हणतात. उचकी कशी वाजते? हिक्! त्या आवाजावरूनच तो शब्द झाला."

"म्हणजे आवाज ऐकायचा आणि नाव ठेवायचे?"

"शाबास!" मामा म्हणाले. त्यांना फार आनंद झाला.

मग त्यांनी मार्तंडास संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी पापड आणावयास पाठविले. मार्तंड वाण्यास म्हणाला, "अर्धा किलो कुर्रुम द्या."

"कुर्रुम? हे काय नवीन?"

"इंग्रजी आहे. चावले की कळते."

वाण्याने विचार केला आणि फुटाणे बांधून दिले.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, खाण्याच्या वस्तूंना नव्हे! माणसाच्या अंगातून जो आवाज आपोआप निघतो, त्याचेच असे नाव होते."

मार्तंडाने हे नीट ध्यानात ठेवले. तो शेजारी भागीरथीकाकूंकडे कपबश्या मागावयास गेला. काकू खोकत होत्या. मार्तंडाने दारातूनच हाक मारली, "अगं ए खॉक्! कपबश्या दे!"

"खॉक् कोणाला म्हणतोस, मेल्या?" काकू लाटणे घेऊन मामांच्या दारापर्यंत आल्या.

मामांनी त्यांची क्षमा मागितली व भाच्यास बजावले, "वडीलधाऱ्यांना अशी हाक मारतात? त्यांच्याशी मान देऊन बोलावे. आणि कोणी विचारल्यावाचून तोंड उघडू नये!"

"बरे," मार्तंड म्हणाला.

संध्याकाळी नागोराव सहकुटुंब आले. त्यांनी तीन बश्या पोहे खाल्ले व ते म्हणाले, "एखादा इंग्रजी शब्द सांगा पाहू."

"हिकप. म्हणजे उचकी. आवाजावरून झाला."

"अहो, हा तर शब्दाचे मूळही सांगतो!" नागोराव प्रसन्न झाले. "मामा, मुलगी तुमची. हा घ्या नारळ."

नारळ द्यावयास ते पाटावरून उठू लागले. देह अवजड होता. पोहेही पुष्कळ झाले होते. उठता उठता एक लांबलचक आवाज झाला.

नागोरावांच्या पत्नी आढ्याकडे पाहू लागल्या. मामा मोठ्याने ज्वारीच्या पिकाविषयी बोलू लागले. मार्तंड गप्प राहिला. त्यास कोणी विचारलेच नव्हते. मामांना हायसे वाटले.

नागोरावांनी नारळ पुढे केला आणि वेळ साजरी करण्यासाठी ते हसून म्हणाले, "मग जावईबापू, इंग्रजीत आम्हाला काय म्हणाल?"

मार्तंड उठला. त्याने हात जोडले, मान लववली आणि पूर्ण आदराने म्हटले,

"पुर्रर्रराव."