अपंखा केळुसकर

“तर मग तुमचं नाव देऊ ना, सर?”

केळुसकर सर मोहराकडे बघत राहिले.

त्यांना ऐकू कमी येत होतं असं नाही. ऐंशी उलटली तरी कान शाबूत होते. उत्तर द्यायचं नसलं की ते समोरच्या कलमाकडे बघत. हे त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं, आणि निशिकांत हळबे तर त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. आता स्वतःच मोठा शास्त्रज्ञ झालेला. पुण्याहून रात्रभर गाडी हाणत तो वेंगुर्ल्याच्या पुढच्या या आंबाबागेत आला होता, ते केवळ या एका होकारासाठी.

“केळुसकरिया,” त्यानं नाव तोंडात घोळवून पाहिलं. “अख्खी प्रजाती तुमच्या नावानं. याहून मोठी गुरुदक्षिणा मला सुचली नाही.”

“गाठोडं सोड,” सर म्हणाले. “आधी बघू दे.”

निशिकांतनं डबी उघडली.

आत एक टाचणी. टाचणीच्या माथ्याशी कागदाचा तिकोनी तुकडा. त्या तुकड्याच्या टोकावर डिंकानं चिकटवलेला एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे गांधीलमाशी होती.

आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुडतुडा मोहराच्या देठात अंडी घालतो. पण त्या अंड्याच्याही आत अंडं घालणारी एक गांधीलमाशी असते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. तुडतुड्याचं पिल्लू जन्मायच्या आत तिचं पिल्लू त्याला आतल्या आत खाऊन बाहेर पडतं आणि उडून जातं. अशा ठिपक्यांना नावं द्यायची, त्यांची घराणी लावायची, कोण कुणाचं भावंड ते ठरवायचं, यात या दोन माणसांनी जन्म घालवला होता. लोक हसत. हसू देत. नाव नसलेल्या प्राण्याबद्दल दोन माणसांना एकमेकांशी बोलताही येत नाही, हे हसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

सरांनी पडवीतल्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपखाली टाचणी धरली.  डोळा लावला.

बराच वेळ गेला.

“एकच आहे?”

“एकच, सर. मादी.”

“नवी कशावरून?”

“मिशांवरून. या सगळ्या घराण्यांत मादीच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. हिला गाठच नाही. असं आजवर कुणी पाहिलेलं नाही.” निशिकांतचा आवाज चढला होता. “म्हणून जाती नवी नाही, सर. प्रजातीच नवी. घराणंच नवं.”

“गाठ नव्हती... की गेली?”

“म्हणजे?”

“तुटून गेली असेल.”

निशिकांत हसला. गुरूवर हसावं तितपतच, जपून.

“दोन्ही मिशांची एकदम कशी तुटेल, सर?”

केळुसकर सरांनी डोळा काढला.

“माझे चारही पंख एकदम गेले होते.”

...

ही गोष्ट त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. सरांसमोर मात्र ती कुणी काढत नाही.

पन्नासएक वर्षांपूर्वी विश्राम केळुसकर नावाच्या तरुणाला याच बागेत अशीच एक मादी सापडली. तिला पंख नव्हते. पंख नसलेली असली गांधीलमाशी या घराण्याच्या आसपास कुठंच नोंदलेली नव्हती. तरुणानं तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली, तिचं नाव ठेवलं ‘अपंखा’, आणि घाईघाईनं छापून मोकळा झाला.

पुढच्या मोहराला तशाच माद्या ढिगानं मिळाल्या. सगळ्यांना पंख होते. चांगले लांब, कडेला झालर असलेले चार चार पंख.

पहिलीचे तुटले होते, इतकंच.

मग नाव बदलायचं की नाही? नाही. या शास्त्राचा नियम मोठा करडा आहे. जे नाव आधी छापलं गेलं ते राहतं. ते चुकीचं असलं, हास्यास्पद असलं, तरी राहतं. नाव शोभत नाही हे ते बदलण्याचं कारण होत नाही. एका परदेशी विद्वानानं बदलासाठी खटपट करून पाहिली, पण नियम काही हलला नाही. पुढे या प्रजातीत आणखी जाती सापडत गेल्या, सिंहलद्वीपापासून आसामपर्यंत, आणि एकूण एक पंखवाल्या. सगळ्यांच्या कपाळी तेच नाव बसलं.

आणि आणखी एक रिवाज आहे. प्रजातीच्या नावापुढे ती पहिल्यांदा छापणाऱ्याचं आडनाव लिहितात. जगात कुठंही, कुणीही त्या माशीबद्दल लिहिलं की आधी लिहावं लागतं : अपंखा केळुसकर.

निशिकांतनंही ते कैक वेळा लिहिलं होतं.

...

सर उठले. कोनाड्यातली पांढरी इनॅमलची थाळी घेतली आणि पडवीच्या पायऱ्या उतरले. निशिकांत त्यांचा हात धरायला धावला. त्यांनी हात धरू दिला नाही.

पहिल्याच कलमाची डहाळी त्यांनी वाकवली. मोहराखाली थाळी धरली आणि देठावर टिचकी मारली.

थाळीत पिवळी धूळ पडली. चार करपलेली फुलं पडली. एक तुडतुडा पडला आणि तिरका चालत पळाला. बाकी राहिले ते काळे ठिपके.

“कोण आहे बघ.”

निशिकांतनं खिशातलं भिंग काढलं. त्याला क्षणही लागला नाही.

“अपंखा, सर.”

“काय करतेय?”

“मिशा साफ करतेय... आता कडेला आली. आता...”

तो थांबला.

“काय झालं?”

“उडाली.”

“तिला सांग, तुझं नाव काय आहे ते.”

निशिकांतला हसू फुटलं. सरांच्या तोंडाकडे बघून ते तिथंच विरलं. त्याला एकदम वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटलेलं सरांना दिसू नये म्हणून त्यानं पुन्हा थाळीत बघितलं. थाळी रिकामी होत चालली होती.

“दर वर्षी येतात,” सर म्हणाले. “माघ लागला की पडवीभर होतात. कधी चहाच्या कपात पडतात.”

...

पडवीत परत बसल्यावर निशिकांत म्हणाला, “पण सर, तुमची चूक प्रामाणिक होती. समोर एकच नमुना होता, त्याला पंख नव्हते. तुम्ही जे दिसलं ते लिहिलंत.”

“श्रीधरला वेगळं दिसलं होतं.”

श्रीधर तिरोडकर हे नाव निशिकांतनं ऐकलेलं होतं. सरांचे गुरुबंधू. एकाच गुरूंच्या हाताखाली दोघं शिकले. तिरोडकर पुढे या कामातून बाहेर पडले आणि खाडीपलीकडे शाळेत शिकवत राहिले. का बाहेर पडले, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“याच बाकावर बसला होता,” सर म्हणाले. “त्यालाही एक मिळाली होती, तशीच मोडकी. माझ्याकडे विश्वासानं घेऊन आला. म्हणाला, ‘विश्राम, रव जरा. खांद्याकडे बघ तिच्या, तुटल्याची खूण आसा. फुडच्या म्होराक पंखवाली गावतली. मगे दोघां मिळून नाव देवया.’”

“आणि तुम्ही?”

“पुढच्या मोहरापर्यंत थांबलो नाही. खांद्याकडे तर बघितलंच नाही.”

...

“श्रीधरच्या मनात एक नाव होतं. म्हणाला होता, ‘नाव माका सुचला हा.’”

“काय होतं?”

सरांनी मान हलवली.

“विचारलं नाही. मला माझं छापायचं होतं.”

 वारा आला, मोहर गळला, आणि थाळीत पुन्हा थोडी धूळ जमली. सरांना ती पुसावीशी वाटली नाही.

“नियमानं तुम्ही आधी होतात, सर,” निशिकांत म्हणाला. “जो आधी छापेल त्याचं नाव. यात गैर काय?”

“नियमानं मला कधीच काही म्हटलं नाही,” सर म्हणाले. “श्रीधरनंही नाही.”

आणि जरा वेळानं, “त्यानंच काहीतरी म्हणायला हवं होतं.”

डबी अजून उघडीच होती. सरांनी ती निशिकांतकडे सरकवली.

“तुला एवढी घाई कशाची आहे?”

“घाई नाही, सर.”

“रात्रभर गाडी चालवत आलास.”

निशिकांतनं डबीचं झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

“दुसरं कुणीतरी याच्यावर काम करतंय.”

“कोण?”

निशिकांतनं झाकण पुन्हा उघडलं.

“निशी.”

या नावानं त्याला हाक मारणारी आता जगात दोनच माणसं उरली होती. एक समोर बसलं होतं.

“वैजयंती.”

दुसरी ती. वैजयंती सोमण, त्याचीच गुरुभगिनी. दोघंही याच पडवीत, याच मायक्रोस्कोपवर पाळ्या लावून काम शिकली होती. निशिकांतला टाचणी धरायला शिकवलं ते सरांनी नाही, वैजयंतीनं. आता ती धारवाडला असते.

“तिला केव्हा मिळाली?”

“माझ्या आधी.” निशिकांत जमिनीकडे बघत बोलत होता. “तिनं मला फोटो पाठवला होता. मत विचारायला. तो बघितला म्हणून तर मी माझ्याकडचे जुने नमुने काढून पाहिले, त्यात ही निघाली. नाहीतर ही डबीत तशीच राहिली असती.”

“तिच्या माशीला गाठ आहे?”

“तिचीही तशीच आहे, बिनगाठीची. ती म्हणते, तुटल्यासारखी वाटते. पुढच्या मोहरापर्यंत थांबते म्हणाली.”

“तू काय उत्तर दिलंस?”

“अजून दिलेलं नाही.”

 या वेळी सरांनी मोहराकडे बघितलं नाही. ते निशिकांतकडेच बघत राहिले, आणि ते त्याला सहन होईना.

“ती थांबेल, सर,” तो म्हणाला. “पण जग थांबणार नाही. मी नाही छापलं तर तिसराच कुणीतरी छापेल. मग ना तिचं, ना माझं. आणि मी माझ्यासाठी कुठं करतोय? नाव तुमचंच देतोय ना?”

“केळुसकरिया.”

“हो.”

“आणि त्याच्यापुढे लिहायचं, हळबे.”

निशिकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझं आडनाव एका माशीला एकदा चिकटलंय,” सर म्हणाले. “आता आणखी नको. मी गेल्यावरही ते निघणार नाही.”

...

ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं. निशिकांतनं डबी पिशवीत ठेवली. पिशवीत छापायला पाठवायचा मजकूर होता, चकचकीत कागदावर आकृत्यांसकट. त्या कागदांना हात लागला आणि त्यानं तो मागे घेतला.

“तिरोडकर सरांना तुम्ही नंतर भेटलात?”

“गेलो होतो.”

“मग?”

“फार उशिरा गेलो. लाज वाटायची. या वर्षी जाऊ, पुढल्या वर्षी जाऊ, असं करत राहिलो. खाडी ती केवढी, होडीत बसलं की पलीकडे. फाटकाशी उभा राहिलो. हाक मारली, श्रीधरा... घराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. म्हणाली, मास्तर गणपतीच्या आधीच गेले.”

सर पुढे म्हणाले, “त्याच्या फाटकावर आंबा आहे. मोहर धरला होता. मी टिचकी मारून बघितलं.”

“होत्या?”

“होत्या.”

निशिकांतचे डोळे भरून आले. कुणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. श्रीधर मास्तरांसाठी असेल, समोरच्या म्हाताऱ्यासाठी असेल, किंवा धारवाडला त्याच्या उत्तराची वाट बघत बसलेल्या एका बाईसाठी, जिच्या लेखी तो अजून निशीच होता.

“तिच्या मनात काय नाव आहे?” सरांनी विचारलं.

“विचारलं नाही, सर.”

वाऱ्यानं एक ठिपका टेबलावर आणून टाकला. तो मायक्रोस्कोपच्या पायाशी जरा थांबला, चालला, आणि नाहीसा झाला. दोघांनीही तो पाहिला. त्याचं नाव दोघांनाही माहीत होतं. कुणीच ते उच्चारलं नाही.

“मग मी आता काय करू, सर?”

केळुसकर सरांनी रिकामी थाळी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कोनाड्यात उभी करून ठेवली.

“हाक मार,” ते म्हणाले. “तुला अजून ओ येईल.”