मठातला अजगर

"बुवा, मठाच्या फ्रीजमध्ये उंदीर?"

केशवचैतन्याने विचारलं. मागच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजचं दार त्याने सताड उघडं टाकलं होतं. खालच्या कप्प्यात, पारदर्शक पिशवीत, एक पांढरा उंदीर.

"रात्रीच बर्फाच्या कप्प्यातून खाली ठेवला," विश्रामबुवा म्हणाले. "सैल झाला असेल आता."

खाडीकाठच्या त्या मठात बुवांनंतर केशवचैतन्यच गादीवर बसणार, असं सगळे धरून चालले होते. तोही. कांदालसूण शिजणाऱ्या घरचं पाणीसुद्धा तो घेत नसे.

"शेजारचा पराग धुमे इस्पितळात आहे," बुवा म्हणाले. "अजगर त्याने पाळलेला. त्याच्या आईने काल ही पेटी आणि हा उंदीर आणून ठेवला. तिला हात लावायची भीती वाटते."

कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत मनगटाएवढा अजगर वेटोळ्यात डोकं खुपसून पडला होता.

"रानात सोडा."

"परदेशातला आहे तो. आपलं रान त्याला काय कळणार?"

"मग दूध द्या."

"सापाला दूध पचत नाही रे."

"मग मी जातो, बुवा. असल्या जागी मी..."

"जा."

केशवचैतन्य दारापर्यंत गेला. तिथेच थांबला.

बुवांनी पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात सोडली. पाणी निवलं तसं बदललं.

"तुम्हांला किळस नाही येत?"

बुवांनी पाण्यातली पिशवी उलटी केली.

"माझी आई माळकरी. बाबा खाडीवरून बांगडे आणायचे. ती साफ करायची, कालवण करायची. चव कधी घेतली नाही. पहिला घास मला द्यायची आणि विचारायची, मीठ पुरेसं आहे ना रे? मी मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावायचो. ती तशीच बघत बसायची माझ्या तोंडाकडे... मग राखेने हात घासून एकटी भात-ताक जेवायची."

बाहेर ओहोटी लागली होती. चिखलाचा वास आत येत होता.

बुवांनी उंदीर बाहेर काढून फडक्याने टिपला. पुढे केला.

"माझ्या बोटांना आता ऊन-गार कळत नाही. गार असला तर तो खाणार नाही. तू बघ."

केशवचैतन्य हलला नाही. बुवांचा हात तसाच पुढे राहिला.

शेवटी त्याने डोळे मिटले आणि ओंजळ पुढे केली.

"पाठ ऊन आहे," तो हळूच म्हणाला. मग डोळे उघडून त्याने अंगठ्याने चाचपलं. "पोटात गार आहे अजून."

पाणी त्यानेच बदललं. पुन्हा त्यानेच टिपलं. चिमट्यात धरून उंदीर पेटीत सोडला, तेव्हा अजगराची जीभ एकदा लवलवली...

झडप दिसलीसुद्धा नाही. फक्त वेटोळं आवळलेलं दिसलं.

केशवचैतन्य मोरीवर कितीतरी वेळ साबणाने हात धूत होता. परत आला, तो बुवांच्या पायांशी बसला. दाराकडे गेला नाही.

"बुवा... तुमच्या आईंना कधी शिसारी आली नसेल?"

बुवांनी पेटीवर कापड ओढलं.

"आम्हांला भूक लागलेली असायची."