कोतवालाचा झोका

पाखरं माणसांसारखी भांडायची, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणी घरटी विणत होत्या. नवी काडी गुंफली की वीण पक्की आहे का ते पाहायला कोतवाल पक्षी घरट्याला लोंबकळून जोरात झोका घ्यायचा. वीण सुटली की ओरडायचा, आणि सगळ्यांचं काम थांबायचं.

अंडी घालायचे दिवस तोंडावर आले, तशा सुगरणी कावल्या. "अरे मेल्या, जरा हळू ओढ की! किती वेळा उसवायचं?"

रोजच्या शिव्यांना कंटाळून कोतवाल नुसता टेकून उडू लागला. घरटी भराभर झाली, अंडीही आली. फक्त एका सुगरणीला ती शांतता सोसवेना. ती सारखी आत-बाहेर करी.

एका दुपारी वावटळ उठली. घरटी विहिरीवर गरगरू लागली. सुगरणी किंचाळल्या, "कोतवाला, काहीतरी कर रे!"

कोतवाल म्हणाला, "मला हळू ओढायला सांगितलंत ना? आता वाऱ्याला सांगा."