केसरकरबाईंना न लागलेलं अक्षर

“डॉक्टरांनी चुकीचं लिहिलं, तरी आपण गप्प बसायचं का, बाई?”

श्रीरंगने विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

केसरकरबाई मिक्श्चरच्या बाटलीवर डोस मोजायची, खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत होत्या.

“डिंक दे,” त्या म्हणाल्या.

...

त्या काळी आजऱ्यात औषधं घ्यायला लोक घरून बाटली घेऊन येत. एस.टी. स्टँडसमोर केसरकरबाईंचं दुकान होतं. आत शिरलं की ओव्याच्या अर्काचा आणि स्पिरिटचा वास यायचा. ज्यांनी तो घेतलाय, त्यांचं पोट म्हणे नुसत्या आठवणीनं हलकं होतं. बाकावर बसून म्हातारी माणसं बाईंना दुखणी सांगत, आणि बाई ऐकता ऐकता पुड्या बांधत.

श्रीरंग मुतालिक बेळगावहून औषधनिर्माणाची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन बाईंकडे शिकायला आला होता. हुशार होता. डॉक्टरांचा कागद हातात आला, की आधी त्यात चूक सापडते का बघायचा.

सापडली, की त्याचे डोळे चमकायचे.

बाईंनी ते पाहिलं होतं. बोलल्या मात्र नव्हत्या.

...

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता जुलाब-वांत्यांची साथ आली. आजगावकर डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर पायरीपर्यंत माणसं बसलेली. डॉक्टर पहाटेपासून खुर्चीतून उठले नव्हते.

दुपार कलताना किटवड्याची सुगंधा गुरव दुकानात आली. कडेवर तान्हं मूल. हातात डॉक्टरांचा कागद.

बाई आत औषध कुटत होत्या. कागद श्रीरंगने घेतला.

वाचला. पुन्हा वाचला.

पोटातली कळ थांबवायचं औषध होतं. ते द्यायचं असतं थेंबांनी. कागदावर चमचे लिहिले होते.

“हे औषध तुमच्या डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय,” श्रीरंग म्हणाला. आवाज बाकावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. “एवढं दिलंत तर मूल जाईल.”

सुगंधाने मुलाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“जाईल म्हंजे?”

“म्हणजे जगणार नाही. नशीब समजा, मी बघितलं.”

तिने मुलाला पदराखाली घेतलं आणि मागे सरकली.

“थांबा, पाण्यातून द्यायची पूड तर घ्या! ती बरोबर आहे.”

“नगं मला तुमचं कायबी!”

ती पायरी उतरून स्टँडकडे पळत सुटली.

बाई खलबत्ता सोडून बाहेर आल्या. श्रीरंगने कागद पुढे केला. चुकीवर बोट ठेवलं.

“बघा!”

बाईंनी कागद बघितला. मग रिकामी पायरी बघितली.

“आई कुठाय?”

“गेली.”

“आणि मूल?”

...

श्रीरंगने स्टँडकडे बोट दाखवलं.

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. “तो कागद घेऊन ये माझ्या मागनं. आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस.”

किटवड्याची गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरने घंटी दिली. बाई जाऊन सरळ गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“बाई, सरका की ओ!” ड्रायव्हर ओरडला.

“माझं पेशंट आत आहे. ते उतरू दे, मग जा.”

आजऱ्यात केसरकरबाईंना कोण हॉर्न वाजवणार? ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

सुगंधा मागच्या बाकावर, खिडकीला चिकटून बसली होती. बाई आत चढल्या आणि तिच्या शेजारी जागा करून बसल्या.

“म्या उतरायची न्हाई,” सुगंधा म्हणाली. “डागदर मारायलाच निघालाय माझ्या लेकराला. त्या पोरानंच सांगिटलं. मी भगताकडं न्हेतो ह्याला.”

“ने.”

सुगंधाने वळून बघितलं.

“पण आधी मला सांग, हा रडतो का?”

“सकाळधरनं लई रडत व्हता ओ. दुपारपासनं गप हाय.”

बाईंनी आपली करंगळी मुलाच्या ओठांवर टेकवली. ओठ कोरडे पडले होते. डोळे खोल गेले होते. त्यांनी सुगंधाचं बोट धरून तिथेच टेकवलं.

“बघ.”

...

“ह्याच्या अंगातलं पाणी संपत आलंय, पोरी. किटवडं लांब आहे.”

सुगंधाने मुलाभोवती पदर गुंडाळला. तिने वर बघितलं नाही. पण उठली.

...

दवाखान्यात बाई रांग ओलांडून सरळ आत गेल्या. मागे सुगंधा, तिच्या मागे श्रीरंग.

आजगावकर डॉक्टरांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते.

“काय झालं, बाई?”

श्रीरंगने श्वास घेतला. बाईंनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि डॉक्टरांपुढे ठेवला.

“डॉक्टर, हे अक्षर मला लागत नाही. जरा वाचून दाखवता?”

श्रीरंग बघतच राहिला. पंचक्रोशीतल्या कुठल्याही डॉक्टरचं अक्षर बाई चालता चालता वाचत.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. वाचू लागले.

पहिली ओळ वाचली. दुसरी ओळ वाचली.

तिसऱ्या ओळीवर थांबले.

...

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

डॉक्टरांनी ती ओळ खोडली. नवा कागद घेतला, सावकाश लिहिलं, आणि लिहिलेलं पुन्हा एकदा बोट फिरवत वाचलं. मग ते खुर्चीतून उठले आणि सुगंधासमोर येऊन उभे राहिले.

“सुगंधा, माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं होतं. चमचे लिहिले मी. थेंब पाहिजेत. तेवढं दिलं असतंस, तर पोराच्या जिवावर बेतलं असतं.”

सुगंधा त्यांच्याकडे बघत राहिली.

“सकाळधरनं बसून हायसा न्हवं तुमीबी,” ती म्हणाली. “च्या तरी पिला का?”

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. चष्मा पुन्हा पुसला.

...

किटवड्याची गाडी गेली होती. सुगंधा दुकानातल्या बाकावर बसली. बाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात पूड कालवली आणि मुलाला मांडीवर घेतलं. एक चमचा पाजायचा, थांबायचं. पुन्हा एक चमचा. मुलाने दोनदा ओकून टाकलं. बाईंनी तोंड पुसलं आणि पुन्हा पाजलं. गिऱ्हाइकं येत राहिली. त्यांना श्रीरंगने औषधं दिली, खालच्या आवाजात.

थेंब त्यानेच मोजून दिले. हात कापू नये म्हणून मनगट फळीला टेकवलं होतं.

दिवेलागणीच्या सुमाराला बाई एकदम ओरडल्या.

“अगंबाई!”

सुगंधा दचकून उठली. बाईंच्या मांडीवर, नेसत्या लुगड्यावर ओला डाग पसरत चालला होता.

“ओ बाई, तुमचं लुगडं... आत्ता काय करू ह्याला!”

“काही करू नकोस. करू दे त्याला!” बाई हसत होत्या. “अंगात पाणी आलं ह्याच्या. आता नाही हा कुठं जात!”

मग ते मूल रडलं. चांगलं खणखणीत, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. सुगंधाने त्याला छातीशी घेतलं आणि तिलाही रडू फुटलं. बाकावरचा एक म्हातारा उगाचच घसा खाकरत बाहेर जाऊन उभा राहिला.

रात्री माय-लेकरू दुकानामागे बाईंच्या घरीच राहणार होती. सुगंधा आत चुलीपाशी गेली.

दुकानात दोघंच उरली. बाई चमचा धुऊ लागल्या.

“बाई, तुम्ही खोटं बोललात.”

“हं.”

“तुम्हाला ते अक्षर लागलं होतं.”

“हं.”

“चूक मी पकडली होती. मी जे सांगितलं, तेच डॉक्टरांनी सांगितलं. माझं ऐकून ती पळाली. आणि त्यांनी सांगितलं तर त्यांना चहा विचारते!”

बाई चमचा धूत राहिल्या.

श्रीरंग फळीला टेकून उभा राहिला. समोर स्टँडवर शेवटची गाडी लागत होती. मग त्याने विचारलं. आवाज दुपारचा नव्हता.

“पण मी बरोबर होतो ना, बाई?”

...

बाईंनी चमचा पुसला, आणि त्याच्याकडे बघितलं. मायेनं.

“कुणाच्या बरोबर?”