झाकणाची आतली बाजू

“सांगा ना, कोणी सांगितलं त्याला? चाचा, मी तुम्हाला विचारतोय. भिंतीला नाही.”

दस्तगीर चाचांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे एक जुना ॲम्प्लिफायर उताणा पडला होता. त्याचं झाकण हातात धरून चाचा ते कधी लांब नेत होते, कधी नाकाशी आणत होते.

“आत काय लिहिलंय ते वाच जरा,” ते म्हणाले. “माझंच अक्षर आहे. मलाच दिसत नाही.”

“चाचा!”

“ओरडल्यावर दिसायला लागेल का मला?”

अभिनंदन मगदूमने झाकणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कसा पाहील? सांगलीहून मिरजेपर्यंत तो गाडीवर नुसता धुमसत आला होता. वाटेत दोन वेळा सिग्नल तोडला होता आणि एका टेम्पोवाल्याच्या आईबापांचा उद्धार केला होता.

कारणही तसंच होतं. गिटारचा आवाज वायरीतून ॲम्प्लिफायरकडे निघाला, की वाटेत पायाजवळ एक पत्र्याची डबी लागते. तिला पेडल म्हणतात. पायाने दाबलं की गोड आवाज फाटतो, चरचरतो, पेटतो. अभिनंदन अशी पेडलं घरी हाताने बनवायचा. शिकला याच दुकानात, याच टेबलावर, चार वर्षं. मग सांगलीला स्वतःचं काम सुरू केलं आणि ‘वणवा’ नावाचं पेडल काढलं. बघता बघता पुण्या-मुंबईचे गिटारवाले ‘वणवा’ मागायला लागले, आणि आपला गडी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागला.

आता इचलकरंजीच्या कोणा शेटेने ‘ठिणगी’ नावाचं पेडल काढलं होतं. अभिनंदनने ते काल मागवलं, वायर जोडली, एकदा तार छेडली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हुबेहूब ‘वणवा’!

त्याने पिशवीतून ‘ठिणगी’ काढून टेबलावर आपटली.

“ही बघा चोरी. ट्रान्झिस्टरवरचे नंबर मी पॉलिश पेपरने घासून काढतो. वरून काळं इपॉक्सी ओततो, वाळलं की दगडासारखं घट्ट. ब्रह्मदेव आला तरी आत काय आहे ते कळणार नाही. मग याला कसं कळलं? माझं काम खाचाखोचांसकट ठाऊक असलेला माणूस जगात एकच आहे.”

“कोण?”

“तुम्ही!”

चाचांनी झाकण खाली ठेवलं.

“मी नाही सांगितलं.”

“मग कोणी?”

“तू.”

...

अभिनंदनला हसावं की टेबल उलथावं कळेना. माणसाने थट्टा करावी, पण काही वेळकाळ?

त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं, वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न काढलं. लाकडी मुठीचं, जुनं. पहिल्या दिवशी चाचांनीच दिलेलं. ते त्याने चाचांच्या पुढ्यात ठेवलं.

“हे तुमचं. आजपासून तुमचा माझा संबंध संपला. मला शिकवलंत, उपकार झाले. पण ‘वणवा’ माझा होता. चार महिने दोनदोनशे ट्रान्झिस्टर एकेक जोडून ऐकत बसलो होतो मी. माझा होता तो!”

“झालं बोलून?”

“झालं.”

“मग जायच्या आधी एक काम कर. ती बाई सकाळपासून बसली आहे.”

अभिनंदनने वळून पाहिलं. मागे स्पीकरच्या खोक्यावर रूथ आवळे बसल्या होत्या. शाळेत संगीत शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायच्या. त्यांच्या मांडीवर एक ‘वणवा’ होता. रागाच्या भरात दुकानात शिरताना तो त्यांच्या पायाला अडखळला होता, तरी त्याला त्या दिसल्या नव्हत्या.

“रूथताई, तुम्ही?”

“तीन वेळा फोन केला तुला,” त्या म्हणाल्या. “पेडल बंद पडलंय म्हणून. तिन्ही वेळा म्हणालास, नवीन पाठवतो.”

“पाठवणारच होतो की!”

“मला नवीन नकोय. अकरा पेडलं वाजवून त्यातून हे निवडलं होतं मी. आठवतं का? तुझ्याच घरी. तुझी आई शेवटी म्हणाली, बाई, आता जेवून तरी घ्या.”

आठवत होतं. प्रत्येक पेडलमध्ये ट्रान्झिस्टरची एक जोडी, जुन्या रेडिओतून काढलेली, जर्मेनियमची. एकासारखा दुसरा निघत नाही. म्हणून प्रत्येक ‘वणवा’ थोडा वेगळा, आणि रूथताईंना नेमका तो एकच आवाज हवा होता. तेव्हा अभिनंदनला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

“उघड ते,” चाचा म्हणाले.

“उघडता येत नाही. सील आहे.”

“सील कोणी केलं?”

“मी.”

“मग उघड.”

“पाच मिनिटं लागतील,” अभिनंदन गुर्मीत म्हणाला.

पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. त्याने गरम हवा मारली. पटाशी लावली. इपॉक्सी मऊ झालं, धुरकट वास सुटला, रूथताईंनी पदर नाकाला लावला. अभिनंदनच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि तोंडाने शिव्यांचा रतीब चालू होता. शिव्या कोणाला? शेटेला. इपॉक्सीला. मधूनच स्वतःला.

चाचा आपले ॲम्प्लिफायरची धूळ झटकत बसले होते. त्यामुळे तो जास्तच भडकत होता.

शेवटी काळा गठ्ठा सुटला... आणि त्याच्याबरोबर एका ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय मुळापासून तुटून आले.



अभिनंदनने भिंग लावून आत पाहिलं. बिघाड समोरच होता. बॅटरीची लाल वायर तिच्या जागेवरून सुटली होती. बस्स, एवढंच. सोल्डरच्या एका थेंबाचं काम. इपॉक्सी नसतं तर रूथताईंनी स्वतः घरी केलं असतं.

“वायर होती का फक्त?” रूथताईंनी विचारलं.

“...हो.”

“आणि आता?”

“आता... ट्रान्झिस्टर गेला.”

“मग तसाच दुसरा घाल,” चाचा म्हणाले. “नंबर काय त्याचा?”

“घासलाय.”

“वहीत बघ.”

“वही नाही. चोरीला जाईल म्हणून लिहूनच ठेवत नव्हतो. डोक्यात असतं माझ्या.”

“मग डोक्यात बघ.”

अभिनंदनने डोळे मिटले. चाळीस पेडलं. चाळीस जोड्या. त्यातली कोणती, कुठल्या रेडिओतली, किती मापाची? त्याने आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. खरं सांगायचं तर चाळीसपैकी त्याला एकही आठवत नव्हती.

“नाही येत आठवत!” तो किंचाळला. “झालं समाधान? नाही येत!”

आणि मग चाचा भडकले. चार वर्षांत अभिनंदनने त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो आता ऐकला, आणि रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानेही ऐकला.

“या बाईच्या आवाजावर तू सिमेंट ओतलंस! चोराला अडवायला निघाला होतास ना? चोर गेला इचलकरंजीला, मजेत आहे. अडकलं कोण? ही अडकली. दुरुस्त करणारा मी अडकलो. तू, बनवणारा, तुलासुद्धा आत जाता येईना! काय जपलंस रे तू? काय जपलंस?”

 

...

“‘ठिणगी’ उघडलीस का?” जरा वेळाने त्यांनी विचारलं. आवाज अजून खरखरीतच होता.

“कशाला उघडू? आवाजावरूनच कळलं. आणि तिलाही सील असणारच.”

“उघड.”

चार स्क्रू होते. चार स्क्रू काढले आणि झाकण अलगद हातात आलं. इपॉक्सी नाही, काही नाही. ट्रान्झिस्टरवरचे नंबर लख्ख दिसत होते.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. त्यावर पेन्सिलीने सगळं सर्किट काढलं होतं, प्रत्येक मापासकट. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘हे चित्र अभिनंदन मगदूम यांच्या पेडलमधून घेतलं. दस्तगीर चाचांचं दुकान, मिरज. दोन जागी बदल माझे, बाकी सगळं त्यांचं. उघडणाऱ्यास सलाम.’

अभिनंदनने ते वाचलं. परत वाचलं. रागाला कुठे बसवावं ते त्याला समजेना.

“माझ्या पेडलमधून? कुठल्या?”

चाचांनी नुसतं फळीकडे बोट दाखवलं.

फळीवर, पंख्याच्या जुन्या कॉइलशेजारी, एक हिरवी डबी होती. अभिनंदनचं पहिलं पेडल. या टेबलावर, या आयर्नने केलेलं. या दुकानाची एक रीत होती. वस्तू नवी करा नाहीतर दुरुस्त करा, झाकणाच्या आतून कागद चिकटवायचा आणि काय केलं ते पेन्सिलीने लिहायचं. शाई ओलीने फुटते म्हणून पेन्सिल. चाचांना त्यांच्या उस्तादांनी हेच शिकवलं होतं, आणि चाचांनी अभिनंदनला. फळीवरची डबी कोणीही उघडावी, बघावी, चहा पिऊन जावं.

त्याने हिरवी डबी उघडली.

आत त्याचंच अक्षर होतं. तेव्हाचं, घाईघाईतलं, उजवीकडे कललेलं. सर्किट त्याचं. ‘वणवा’ला पेटवणारा तो एक जादा कपॅसिटर, ज्याला तो आयुष्याचं गुपित समजत होता, तोसुद्धा तिथे होता. त्याच्याभोवती त्याने स्वतःच गोल करून, बाण काढून लिहिलं होतं: ‘हा घालून बघा, मजा येते!’

‘उघडणाऱ्यास सलाम’ असंही लिहिलं होतं. सलामच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या.

अभिनंदन मटकन स्टुलावर बसला.

इतका आनंदात होता का तो तेव्हा? कधी विसरला तो हे? लाज त्याच्या कानांपर्यंत चढली. शेटेचा राग जिरला होता, पण आता स्वतःचा असा काही राग आला होता, की समोर इपॉक्सीची बाटली असती तर त्याने भिंतीवर फोडली असती.

“रूथताई,” तो खाली बघत म्हणाला, “तुमचा आवाज मी मारला. माफ करा म्हणायला तोंड नाही मला.”

“माफीचं नंतर बघू,” रूथताई म्हणाल्या. त्यांचाही राग काही गेला नव्हता, आणि का जावा? “रविवारी मला वाजवायचंय. इथे ट्रान्झिस्टर आहेत ना? मग लाव. मी इथेच बसते.”

मग दोघं बसले. चाचांच्या डब्यातले ट्रान्झिस्टर अभिनंदन एकेक करून लावत होता, रूथताई तार छेडत होत्या आणि मान हलवत होत्या. नाही. हाही नाही. हा जवळ आहे, पण कोरडा आहे. नाही. दुपार कलली. चहा दोनदा आला. एकदा अभिनंदन म्हणाला, “हा चालेल की!” तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो पुढचा ट्रान्झिस्टर शोधायला लागला.

सत्तराव्या का ऐंशीव्या वेळी रूथताई थांबल्या. पुन्हा तार छेडली. डोळे मिटले.

“तो नाही,” त्या म्हणाल्या. “तो गेला. पण याच्याशी माझं जमेल.”

अभिनंदनने मान डोलावली. टेबलावर पडलेलं लाकडी मुठीचं आयर्न उचललं, तापवलं आणि ट्रान्झिस्टर पक्का केला. लाल वायरीला सोल्डरचा एक थेंब दिला. मग आणखी एक, उगाच.

ते आयर्न त्याने रुमालात गुंडाळून परत खिशात ठेवलं. चाचा बघत होते.

मग न सांगता त्याने ॲम्प्लिफायरचं ते सकाळचं झाकण उचललं, उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं:

“‘दुसरा कपॅसिटर बदलला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, पण चांगला आहे, काढू नये. दस्तगीर. उघडणाऱ्यास सलाम.’ खाली तारीख आहे चाचा. एकतीस वर्षं झाली.”

“काढू नये, असं लिहिलंय?”

“हो.”

“बरं झालं सांगितलंस. काढणारच होतो.”

अभिनंदनने रूथताईंच्या पेडलच्या झाकणाला आतून कागद चिकटवला. चाचांच्या कानावरची पेन्सिल घेतली. सर्किट काढलं, जोडीची मापं लिहिली, शेटेने केलेल्या दोन बदलांतला एक आवडला होता तोही बाजूला टिपला आणि त्याचं नाव घातलं. मग खाली वाकून, सगळं मावावं म्हणून, मुंगीएवढ्या अक्षरात सलाम लिहायला लागला.

चाचांनी मागून त्याच्या डोक्यात टपली मारली.

“अक्षर मोठं काढ, गाढवा. तू हे उघडशील तेव्हा तुला चष्मा लागलेला असेल.”